वर्गात कांजिण्या, पोटात बाळ: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

नागपुरात संक्रांत उलटली की प्राथमिक शाळांमध्ये कांजिण्या फिरू लागतात आणि वार्षिक परीक्षेपर्यंत फिरत राहतात. पावसाळ्यात फ्लू आणि डेंग्यू. दर वर्षी एखाद्या गरोदर शिक्षिकेचा फोन येतो आणि दर वर्षी क्रम तोच उलटा असतो: आधी घाबरून घरी बसणं, मग रजेचा अर्ज, मग घरातल्या मोठ्यांचा सल्ला, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी डॉक्टर. काही आजारांत पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडणारी औषधं असतात. त्यांची वेळ तोवर निघून जाते.

मी डॉक्टर नाही, प्राथमिकला शिकवते. औषधाचा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचाच. पण त्यांच्यापर्यंत काय घेऊन, कधी आणि कसं पोहोचायचं, हे मी स्वतः चुकून शिकले आहे.

## १. साथ येण्याआधी: तुमच्या अंगात काय आहे ते शोधा

ही पायरी दिवस राहिल्याचं कळल्यावर पहिल्याच तपासणीला करायची. त्याहून बरं म्हणजे त्याआधी. तीन आजारांबद्दल उत्तर हवं: कांजिण्या, रुबेला, गोवर.

कांजिण्यांसाठी आईला फोन लावा. पण "मला कांजिण्या झाल्या होत्या का गं?" एवढंच विचारू नका. आपल्याकडे "माता आल्या होत्या" या एका वाक्यात अनेक घरांत कांजिण्याही बसतात आणि गोवरही. त्यापेक्षा असं विचारा: पाण्यानं भरलेले फोड होते का? त्यांवर खपल्या धरल्या होत्या का? तेव्हा मी कितवीत होते? आई ठामपणे "हो, पाठभर फोड होते, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं" म्हणाली, तर ते बऱ्यापैकी भरवशाचं. "तुला की तुझ्या भावाला, आता आठवत नाही" असं उत्तर आलं, तर ते उत्तर नाही असंच धरा.

मग रक्ताची आयजीजी तपासणी. रक्तात त्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्या आजाराशी लढणारे घटक, आहेत का, ते तिच्यात कळतं. "एवढ्या वर्षांत कधी ना कधी होऊन गेलंच असेल" या समजुतीवर राहू नका. उष्ण प्रदेशात कांजिण्या पुष्कळांना मोठेपणी होतात, आणि कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही. रुबेलाचंही तसंच. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, पण ती ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी होती. त्या वेळी मुलांना रांगेत उभं करणाऱ्या बाईंना ती लस मिळालेली नाही.

सावधान: कांजिण्यांची आणि गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंची असते. गरोदरपणात ती घ्यायची नाही. गरोदरपणाआधी घेतली तर पुढे किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. फ्लूचं इंजेक्शन मात्र निष्क्रिय विषाणूचं असतं, ते कोणत्याही महिन्यात चालतं आणि बाळालाही जन्मानंतरचे पहिले काही महिने कामी येतं. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून शाळा सुरू होताहोताच घेतलेलं बरं.

तपासा: फाइलमध्ये तिन्ही आयजीजी अहवाल, रक्तगट आणि शेवटच्या पाळीची तारीख आहे का? त्यांचा फोटो मोबाइलमध्ये आहे का? नवऱ्याच्या मोबाइलमध्येही?

## २. वर्गात रुग्ण निघाला: पहिल्या दहा मिनिटांत फक्त नोंद

आधी चिठ्ठी वाचायला शिका. पालक "कांजिण्या" असं क्वचितच लिहितात. "घरी माता आल्यामुळे", "देवीचं असल्यामुळे", नुसतंच "अंगावर आल्यामुळे" असं लिहितात. मी गरोदर असताना तिसरीतल्या एका मुलाची अशीच चिठ्ठी आली. घरी काही पूजा असेल असं समजून मी ती फाइलला लावली आणि विसरले. चार दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

एक मात्र खरं. ज्या घरांत माता मानतात, तिथे मुलाला बाहेर सोडत नाहीत आणि पाहुणेही येऊ देत नाहीत. साथीच्या दृष्टीनं हे उत्तमच आहे. तेव्हा "असं काही नसतं" म्हणून पालकांशी वाद घालू नका. फोनवर नीट विचारा आणि लिहून घ्या:

- आजार कोणता, आणि तो डॉक्टरांनी सांगितला की घरच्यांनी ओळखला
- पुरळ कोणत्या तारखेला दिसलं
- मूल शाळेत शेवटचं कोणत्या तारखेला आलं होतं
- त्या दिवशी आणि आदल्या दिवशी तुम्ही त्याच्यासोबत एका खोलीत किती वेळ होतात
- तुमचा कितवा आठवडा चालू आहे

दुसरा आणि तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कांजिण्यांचं मूल पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आजार पसरवतं आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच दिवस, पसरवत राहतं. गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत. याचा अर्थ, मूल आज घरी असलं तरी तुमचा संपर्क परवाच होऊन गेलेला असू शकतो. "तो तर सोमवारपासून येतच नाही" हे ऐकून निर्धास्त झालेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

बंद खोलीत पंधरा मिनिटं एकत्र असणं किंवा समोरासमोर बोलणं हा कांजिण्यांसाठी पुरेसा संपर्क. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका झाली असेल तर मिनिटं मोजत बसू नका. व्हरांड्यातून शेजारून गेलात, किंवा त्याची वही तपासलीत, तर तेवढी काळजी नको. धोका मुख्यतः हवेचा आणि ओल्या फोडांचा असतो.

आणखी एक सुटून जाणारी गोष्ट: नागीण. स्टाफरूममधल्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला नागीण झाली असेल तर तिच्या फोडांतही कांजिण्यांचाच विषाणू असतो. फोड कपड्याखाली झाकलेले असतील तर धोका कमी, चेहऱ्यावर उघडे असतील तर जास्त.

## ३. डॉक्टरांना फोन करा, दवाखान्यात जाऊन बसू नका

मी नेमकं इथेच चुकले होते. घाबरून थेट दवाखान्यात गेले आणि प्रतीक्षाकक्षात दीड तास सात-आठ गरोदर बायकांमध्ये बसले. मला तेव्हा लागण झालेली असती आणि पहिले दिवस टळून गेलेले असते, तर मी तो आजार नेमका नको त्या खोलीत नेऊन ठेवला असता.

म्हणून आधी फोन. वरच्या नोंदीतले पाचही मुद्दे एका दमात वाचून दाखवा: "डॉक्टर, मला सोळावा आठवडा आहे. वर्गातल्या मुलाला कांजिण्या, पुरळ १२ तारखेला, आमचा शेवटचा संपर्क ११ तारखेला, दोन तासिका. माझा आयजीजी अहवाल नाही." एवढं सांगितलं की डॉक्टर पुढचं ठरवू शकतात. "मॅडम, शाळेत साथ आहे, काय करू?" या प्रश्नावर त्या तरी काय सांगणार!

खाजगी डॉक्टर नसतील तर नागपुरातलं डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, किंवा मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालयं. तिथे केसपेपर काढतानाच खिडकीवर सांगा की संसर्गजन्य आजाराचा संपर्क झाला आहे, वेगळं बसवा. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हा राज्याचा क्रमांक आहे.

तपासा: संपर्काची तारीख आणि फोनची तारीख यांत एका दिवसापेक्षा जास्त अंतर आहे का? असलं तर आधी फोन करा, उरलेला लेख नंतर वाचा.

## ४. आजारानुसार घड्याळ वेगळं

कांजिण्या. अंगात प्रतिपिंडं असतील तर विषय संपला, शाळेत जा. मला स्वतःला तीन रात्री झोप नव्हती आणि अहवाल आला तो "प्रतिपिंडं आहेत" असा. तो कागद आधीच फाइलमध्ये असता, तर त्या तीन रात्री वाचल्या असत्या.

प्रतिपिंडं नसतील तर दोन मार्ग असतात. एक, कांजिण्यांविरुद्धचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, शक्यतो पहिल्या ९६ तासांत द्यायचं असतं. ते चौकातल्या औषधदुकानात सहसा मिळत नाही, मागवावं लागतं, म्हणून एकेक दिवस मोलाचा. दुसरा, संपर्कानंतर सातव्या दिवसापासून विषाणुविरोधी गोळ्या. कोणता मार्ग घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील. एकदा पुरळ आलं की इंजेक्शनचा उपयोग नाही.

भीती कशाची, तेही नेमकं माहीत असू द्या. पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग येण्याची शक्यता असते, पण ती शंभरात एक-दोन इतकीच. शेवटच्या महिन्यांत आईला न्यूमोनियाचा धोका मोठा. पुरळ अगदी बाळंतपणाच्या तोंडावर आलं तर बाळाला जपावं लागतं, त्याबद्दल शेवटी.

रुबेला. मुलांमध्ये हा इतका सौम्य असतो की "उष्णतेचं आलं" म्हणून सोडून देतात. गर्भाला मात्र यादीतला सगळ्यात घातक हाच. पहिल्या बारा आठवड्यांत लागण झाली तर बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर परिणाम होण्याची शक्यता खूप मोठी असते. संपर्कानंतर देण्यासारखं भरवशाचं इंजेक्शन नाही, म्हणून आधीचा अहवाल हाच खरा आधार. संशय असेल तर डॉक्टर रक्त दोनदा तपासायला सांगू शकतात. पहिला अहवाल चांगला आला म्हणून दुसरा टाळू नका.

गोवर. आधी ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. विषाणू रिकाम्या खोलीच्या हवेतही दोन तासांपर्यंत टिकतो. प्रतिपिंडं नसलेल्या गरोदर स्त्रीला संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. सहा दिवस म्हणजे मधला रविवार धरून सहा.

फ्लू, स्वाइन फ्लूसह. इथे घड्याळ संपर्कापासून नाही, तुमच्या पहिल्या लक्षणापासून. ताप, अंगदुखी, खोकला सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ओसेल्टामिविर हे विषाणुविरोधी औषध सुरू झालं तर उपयोग सर्वाधिक. गरोदर स्त्री जोखमीच्या गटात मोडते, तिच्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट बघत बसायचं नसतं. ४८ तास उलटले तरी डॉक्टरांकडे जायचंच.

डेंग्यू. हा मुलांकडून नाही, डासाकडून येतो, आणि नागपुरात त्याचा लाडका पत्ता म्हणजे कूलर. जूनच्या अखेरीस शाळा उघडतात तेव्हा उन्हाळ्यातले कूलर पाण्यासकट वर्गांत आणि स्टाफरूममध्ये तसेच उभे असतात. शाळा उघडायच्या आधीच ते रिकामे करून, घासून, वाळवून घ्यायला सांगा. शिपाई ऐकत नसेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात कळवा. हा डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्या आणि पायमोजे. ताप आला तर पॅरासिटामॉल सोडून अंगदुखीची दुसरी गोळी मनानं घेऊ नका.

गाल लालबुंद होणारा ताप. थोबाडीत मारल्यासारखे गाल दिसतात, कारण पार्व्हो विषाणू. गाल लाल होईपर्यंत मुलाचा पसरवण्याचा काळ संपलेला असतो, त्यामुळे त्याला घरी पाठवून फारसं काही साधत नाही. तुमचे वीस आठवडे व्हायचे असतील तर डॉक्टरांना कळवा, रक्त तपासतील.

## ५. मुख्याध्यापकांना सांगणं: तोंडी नाही, लेखी

डॉक्टरांशी बोलणं झाल्यावरच ही पायरी. आधी गेलात तर "बाई, मग काय करायचं म्हणता?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं आणि प्रकरण "बघू" वर थांबतं.

अर्ज छोटा ठेवा. असा चालेल:

*"महोदया, मी गरोदर असून इयत्ता तिसरीच्या वर्गात दि. … रोजी कांजिण्यांचा रुग्ण आढळला आहे. माझ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार (प्रत जोडली आहे) दि. … ते दि. … या काळात मला वर्गाध्यापनातून वगळून अन्य काम द्यावे, अथवा वैद्यकीय कारणास्तव रजा मंजूर करावी, ही विनंती."*

दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप अर्ज धरला जाईलच असं नाही. आणि स्टाफच्या ग्रुपवर मुलाचं नाव टाकू नका. ते पालकांपर्यंत पोहोचलं की पुढची चिठ्ठी येतच नाही.

## ६. काम बदलून घेताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे तिसरी 'अ' ऐवजी तिसरी 'ब' घेणं. मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत, व्हॅनमध्ये ही मुलं एकच असतात. प्रतिपिंडं नसतील तर कांजिण्या-गोवराच्या साथीत वर्गच नको. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणं, निकालपत्रकं, ऑनलाइन माहिती भरणं अशी कामं प्रत्येक शाळेत तुंबलेली असतात, ती मागून घ्या. शेजारचा सहकारी कुरकुरेल. कुरकुरू द्या.

दुसरी चूक, मास्कवर भिस्त. फ्लूसाठी तीन पदरी मास्क कामाचा आहे. कांजिण्या आणि गोवर हवेतून येतात, तिथे मास्क म्हणजे पावसात वर्तमानपत्र डोक्यावर धरणं. खिडक्या उघडण्याचा उपयोग त्याहून जास्त. जानेवारीतल्या थंडीत मुलं त्या बंद करतात, तुम्ही उघडा.

बालवाडीत असाल तर शू-शी काढणं, नाक पुसणं हे मदतनिसांकडे द्या. ते शक्य नसेल तर प्रत्येक वेळी साबणानं वीस सेकंद हात धुवा. लहान मुलांच्या लघवीतून आणि लाळेतून पसरणारा सायटोमेगॅलो नावाचा विषाणू गर्भाला त्रास देऊ शकतो. म्हणून उष्ट्या चमच्यानं खाणंही नको.

तपासा: कांजिण्यांचं मूल परत आलं तेव्हा सगळ्या फोडांवर खपल्या होत्या का? मार्चमध्ये परीक्षेपायी पालक ओल्या फोडांसकट पाठवतात. दारातच बघायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, तुम्ही वाकून बघू नका.

## ७. रजा: प्रसूती रजा इतक्यात खर्च करू नका

घाबरून पाचव्या-सहाव्या महिन्यातच "प्रसूती रजाच टाकते" म्हणणाऱ्या भेटतात. तसं करू नका. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात, पण त्यांतले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येतात. शासकीय आणि अनुदानित शाळांत ही रजा १८० दिवसांची. ती बाळासाठी राखा. साथीच्या दोन-तीन आठवड्यांसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित किंवा अर्धवेतनी रजा मागा. खाजगी शाळेत आजारपणाची रजा.

तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर असाल तर या रजा बहुधा नसतातच, आणि "तुम्ही कायम नाही, तुम्हाला काही लागू नाही" हेही ऐकवलं जातं. ते खरं नाही. प्रसूती लाभासाठी मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असणं ही अट आहे, कायम असणं ही नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी महिला कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच प्रसूती लाभ त्यांनाही लागू असल्याचं सांगितलं. हजेरीपटाच्या प्रती जपून ठेवा, ८० दिवस त्यावरूनच सिद्ध होतात.

बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे सोडून त्याच्याही आधीचा जो एक महिना, त्या महिन्यात तुम्ही मागणी केलीत तर फार वेळ उभं राहण्याचं किंवा श्रमाचं काम सांगता येत नाही. परिपाठाला मैदानावर उभं राहणं आणि परीक्षेत तीन तास पर्यवेक्षण त्यात येतं, असं मी लेखी मागून घेतलं होतं.

## ८. लक्षणं दिसलीच तर

कांजिण्या संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत दिसतात. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर २८ दिवसांपर्यंत. म्हणून आठव्या दिवसापासून ही मुदत संपेपर्यंत इतर गरोदर बायका, नवजात बाळं आणि डोहाळजेवणं टाळा, स्वतःचंसुद्धा. कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण करा.

पहिला फोड दिसला की त्याच दिवशी फोन. विषाणुविरोधी औषध पुरळाच्या पहिल्या २४ तासांत सुरू झालेलं चांगलं. पाल्यानं अंगावरून वारा घालायला माझी हरकत नाही, पण औषध न घेण्याचा नेम गरोदरपणात पाळू नका.

लगेच निघा, १०८ ला फोन करा: दम लागणं, छातीत दुखणं, अंगावरून रक्त जाणं, सतत उलट्या, ग्लानी, किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणं. १०० अंशांच्या वर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. निघताना कांजिण्यांचा संपर्क असल्याचं रुग्णवाहिकेतच सांगा.

## ९. बाळंतपणाच्या तोंडावर आणि नंतर

बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ आलं, तर बाळाला आईकडून प्रतिपिंडं मिळालेली नसतात आणि त्याला जन्मतःच इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. ही गोष्ट प्रसूतिकक्षातल्या गर्दीत कुणाच्या लक्षात येईल म्हणून सोडू नका. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं पुरळाची तारीख लिहून ठेवा.

आयजीजीत ज्या आजाराची प्रतिपिंडं नव्हती, त्याची लस बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजत असताना ती चालते. कांजिण्यांचे दोन डोस असतात, चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं. पहिला डोस बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच घेऊन टाका. त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात असताच, आणि पुन्हा शाळा सुरू झाली की दुसऱ्या डोसची तारीख हजेरीपट, निकाल आणि झेंडावंदनात कुठे हरवते ते कळतही नाही.